तेलाचे करार आणि वाडीचा खर्च

भुईगाव व एकंदर वसईच्या पट्ट्यांतील बागाइतदार आपला भाजीपाला व फुलें मुंबईच्या बाजारांत पाठवितो. माल नेणारा टेम्पो व जमीन नांगरणारा ट्रॅक्टर डिझेलवर चालतात. आणि भारतास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ऐशींहून अधिक भाग परदेशांतून येतो. यास्तव तेल काढणाऱ्या देशांचे आपसांतील करार कसे चालतात, हें शेतकऱ्यानें समजून घेणें अगत्याचें आहे.

1960 सालीं बगदाद येथें इराण, इराक, कुवेत, सौदी अरबस्तान व व्हेनेझुएला या पांच देशांनीं 'ओपेक' हा संघ स्थापिला. 1982 पासून हा संघ प्रत्येक सभासदानें रोज किती पिंपें तेल काढावें याचे वांटे ठरवूं लागला. पिंप म्हणजे सुमारें 159 लिटर. तेल महागलें म्हणून टेम्पो बाजारास जावयाचा राहत नाहीं. मागणी लवकर हटत नाहीं. म्हणून पुरवठा थोडका घटला तरी भाव पुष्कळ चढतो, व थोडका वाढला तरी तितकाच कोसळतो. कराराचें सर्व बळ या एका गोष्टींत आहे.

परंतु त्याचा दुबळेपणाही येथेंच आहे. भाव चढला कीं सभासदास वांट्याहून अधिक तेल विकण्याचा मोह होतो, आणि बाहेरचे देश खर्चाच्या विहिरीही खोदूं लागतात. 1973-74 मध्यें भाव सुमारें चौपट झाला, तेव्हां उत्तर समुद्रांतील महाग तेलही परवडूं लागलें. आपल्या मुंबईसमोरील समुद्रांत 1974 सालीं सांपडलेल्या 'बॉम्बे हाय'चें तेल 1976 पासून निघूं लागलें. पुढें एकट्यानेंच उत्पादन घटवीत राहण्यास सौदी अरबस्तान कंटाळलें, त्यानें तेल मोकळें सोडलें, आणि 1986 सालीं भाव निम्म्याहून खालीं आला.

2020 च्या मार्चमध्यें रशिया व ओपेक यांचें बोलणें फिसकटलें. एप्रिलमध्यें रोज 97 लाख पिंपें कमी काढण्याचा नवा करार झाला; तथापि साथीमुळें मागणीच बसली होती, आणि 20 एप्रिल रोजीं अमेरिकेंतील वायद्याचा भाव शून्याखालीं गेला. इकडे मे महिन्यांत केंद्र सरकारनें डिझेलवरील कर लिटरमागें 13 रुपयांनीं वाढविला. तेव्हां परदेशांतील स्वस्ताई वाडीपर्यंत पोहोंचेलच असें समजूं नये.

मग आपणही असा करार करून भाजीचा भाव राखावा काय? येथें भेद ध्यानांत घ्यावा. न काढलेलें तेल भूगर्भांत सुरक्षित राहतें. न तोडलेली भाजी चार दिवसांत जून होऊन फुकट जाते. म्हणून आपला करार तोडणीच्या वेळीं टिकणार नाहीं. तो लागणीपूर्वींच झाला पाहिजे. एकाच आठवड्यांत सर्वांनीं एकच भाजी लावूं नये, लागणीच्या पाळ्या वांटून घ्याव्या. शिवाय शेजाऱ्यांनीं मिळून एक भरलेला टेम्पो पाठवावा, आणि दर खेपेस पाटीमागें किती डिझेल पडलें याची नोंद ठेवावी. तेलाचा भाव आपल्या हातीं नाहीं. खेपांची संख्या मात्र आहे.