पंपावर कट्टा का नाही?

प्रश्न : नाशिकमध्ये आता गाडीशिवाय पान हलत नाही. कोणाला भेटायचं तरी गाडी काढा, आणि गाडी काढली की पंप आलाच. मग पंपावरच झाडं, बाकं, चहा अशी बसाउठायची जागा का करत नाहीत?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ही कल्पना एका थोर वास्तुविशारदालाही सुचली होती. फ्रँक लॉइड राइट यांनी 1958 साली अमेरिकेत मिनेसोटातल्या क्लोके गावी पंप बांधला आणि वरच्या मजल्यावर काचेची बैठकीची खोली ठेवली. गाड्यांच्या गावात पंप हाच चावडी होईल, असं त्यांना वाटत होतं. अमेरिकेतले पंप काही चावड्या झाले नाहीत.

याचं मुख्य कारण वेळ. मुंबई नाक्याकडे संध्याकाळी पाहा : दुचाकी ढकलत पुढे न्यायची, झाकण उघडायचं, 'झिरो बघा' ऐकायचं, कोड स्कॅन करायचा, तोवर मागून हॉर्न. इतक्या घाईत कोण कोणाशी बोलणार? जानेवारी 2024मध्ये टँकरचालकांच्या संपामुळे मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, तेव्हा नाशिककर पंपावर तासन् तास थांबले खरे, पण उन्हात, रांगेत, उभ्याने.

दुसरं कारण सुरक्षेचं, आणि त्यात तडजोड नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साचते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. म्हणून चहाचा स्टोव्ह पंपाच्या नळाजवळ चालणार नाही. 2020च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांनुसार तर नवा पंप शाळा, दवाखाने, वस्ती यांपासून शक्यतो 50 मीटर दूर हवा. वस्तीपासून लांब ठेवायच्या जागेला वस्तीचा कट्टा कसं करणार?

नाशिकने गाडीवरच्या माणसाची सोय आधीच दुसरीकडे लावली आहे. रविवारी सकाळी गंगापूर रस्त्याच्या पुढे मिसळीच्या बागांमध्ये जा. झाडाखाली खाटा-बाकं, तर्रीचं भांडं, पापड, शेवटी जिलबी; पोरं झोक्यावर, मोठी माणसं तिसऱ्यांदा रस्सा मागवत गप्पांत. तिथे लोक थांबतात, कारण थांबायलाच आलेले असतात.

मला आशा वाटते ती चार्जिंगमुळे. इलेक्ट्रिक गाडीला जलद चार्जिंगवरही बहुधा अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तिथे पेट्रोलची वाफ नाही. चार्जिंगची जागा पंपाच्या नळांपासून वेगळी काढून सावली, बाकं, बचतगटाचं दुकान आणि हंगामात द्राक्षं ठेवली, तर तुमचं म्हणणं नाशिकमध्ये सहज जमेल. जपानने 1993पासून 'मिची-नो-एकी' नावाची रस्त्याकाठची विसाव्याची ठाणी याच धर्तीवर उभारली : वाहनतळ, स्वच्छतागृह आणि गावच्या शेतकऱ्यांचा माल.

पण त्याआधी स्वच्छतागृह. आग्रा महामार्गावरून लेकीसुनांना घेऊन जाणाऱ्याला कट्ट्याआधी तेच हवं असतं. पंपावर पिण्याचं पाणी, हवा आणि स्वच्छतागृह फुकट मिळायला हवं. इंधन घेतलं नसलं तरीही. कुलूप दिसलं तर किल्ली मागा, नाही दिली तर तक्रारवही मागा आणि तिथेच लिहा.