योद्ध्याचा चरित्रपट

मल्लाच्या वा मुष्टियोद्ध्याच्या जीवनावर चित्रपट निर्माण करताना दिग्दर्शकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. नटाचे शरीर त्या विद्येला पात्र कसे करावे? आणि चरित्रातील सत्य कितपत वाकवावे?

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर ‘दंगल’ (2016) या चित्रपटात आढळते. महावीरसिंह फोगाट यांची भूमिका करताना आमिर खान यांनी वजन वाढवून उतारवयाचे प्रसंग आधी चित्रित केले. तारुण्याचे प्रसंग वजन घटवल्यानंतर झाले. चित्रणाचा क्रम कथेने नव्हे, शरीराने ठरवला.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील अंतिम कुस्ती गीता फोगाट यांनी सहज जिंकली होती. पडद्यावर मात्र ती अटीतटीची होते आणि पित्याला खोलीत कोंडले जाते. हा प्रसंग कल्पित होता. त्यातील प्रशिक्षकाच्या चित्रणाने प्रत्यक्ष प्रशिक्षक दुखावले.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्या चरित्रात नाट्य मुळातच विपुल आहे. सैन्यातील हा मुष्टियोद्धा 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्याने 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक 37.33 सेकंदांत मिळवले. कबीर खान यांच्या ‘चंदू चॅम्पियन’ने (2024) हे जीवन घरोघरी पोहोचवले. जानेवारी 2025 मध्ये, पदकानंतर 52 वर्षांनी, पेटकरांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला.

चरित्रपट विस्मृतीचे ऋण फेडू शकतो. परंतु नायकाला उजळण्यासाठी दुसऱ्या हयात माणसाला काळिमा फासण्याचा अधिकार त्याला नसतो.