मैदानाबाहेरचा सहावा गडी

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना गर्दी करून आरडाओरडा करणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी दोन मते ऐकू येतात. प्राध्यापकांना तो तास बुडवून केलेला दंगा वाटतो, तर विद्यार्थ्यांना ती महाविद्यालयावरील निष्ठा वाटते. दोन्ही मतांत थोडे सत्य आहे. म्हणूनच या आवाजाचा खेळावर नेमका काय परिणाम होतो, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

बास्केटबॉलचा जन्मच विद्यार्थ्यांत झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि १३ नियम लिहिले. आज तिकडे हा खेळ विद्यापीठांचा उत्सवच आहे. ड्यूक विद्यापीठाच्या १९४० साली उघडलेल्या सभागृहात नऊ हजारांवर प्रेक्षक मावतात आणि अंगाला निळा रंग फासलेले विद्यार्थी मैदानाला अगदी खेटून उभे असतात. संघात गडी पाच, सहावा गडी हे प्रेक्षक! फ्री थ्रोच्या वेळी खेळाडू १५ फुटांवरून १० फूट उंचीच्या टोपलीत चेंडू टाकतो. त्याला कोणी अडवायचे नसते. म्हणून टोपलीमागचे विद्यार्थी हातवारे आणि गलका करून त्याचे चित्त विचलित करू पाहतात.

पण आवाजाचा परिणाम खेळाडूंपेक्षा पंचांवर अधिक होत असावा. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातील प्रसंग दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. पुढे २०२० मध्ये साथीमुळे जर्मनीतील फुटबॉल सामने रिकाम्या मैदानात झाले, तेव्हा यजमानांचा नेहमीचा वरचष्मा घटलेला दिसला. म्हणजे आपला गलका निष्पाप नाही; तो न्यायाच्या तराजूत बोट घालतो.

आपल्या मातीतल्या खेळांत तर प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण ते आवाजावरच चालतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम पंचाला स्पष्ट ऐकू यावा लागतो. खो-खोत शेजारी-शेजारी बसलेल्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात; पाठीमागून स्पर्शासोबत आलेला मोठा ‘खो’ हीच उठण्याची खूण. तो शब्दच गोंगाटात बुडाला, तर दाद कशाला द्यायची?

मुलींच्या सामन्यांत आणखी एक गोष्ट घडते. खेळाऐवजी कपड्यांवर, रूपावर शेरे मारले जातात आणि त्याला ‘सपोर्ट’ म्हटले जाते. ज्या मुलीने घरच्यांची समजूत घालून मैदान गाठले, तिला असा एक शेरा पुन्हा घरी बसवू शकतो. येथे गंमत संपते.

होटगीला रेल्वेच्या दोन वाटा फुटतात, एक वाडीकडे आणि एक विजापूर-गदगकडे. तेथून सोलापूरला शिकायला येणाऱ्याच्या कानावर मराठी आणि कन्नड दोन्ही असतात. सोलापुरात त्यांत तेलुगूची भर पडते. आपल्या सामन्यांतल्या आरोळ्याही अशाच मिसळीच्या, आणि त्यांची लज्जत काही औरच! परंतु दुपारी ज्याच्या नावाने आपण शिमगा केला, तोच संध्याकाळी आपल्या डब्यात शेजारी बसलेला असू शकतो, हेही ध्यानी असावे.

तेव्हा मित्रहो, घसा बसेपर्यंत जरूर ओरडा. पण आपल्यासाठी ओरडा, समोरच्याविरुद्ध नव्हे. चढाई चालू असताना क्षणभर थांबा. आणि प्रतिस्पर्ध्याने सुरेख खेळ केला, तर टाळी त्यालाही द्या. ज्या महाविद्यालयाचे प्रेक्षक एवढे पाळतील, त्याचा सहावा गडी सामना हरला तरी हरणार नाही.