तीन जुनी पॉकेट यंत्रं आणि एक उधारी: कोणतं अ‍ॅप धंद्याच्या कामाचं?

या आठवड्याचा व्हिडिओ पाहिला असेल तर टेबलावरची तीन जुनी यंत्रं आठवत असतील. नसेल पाहिला तरी हरकत नाही, सगळं इथे सविस्तर लिहितोय.

बॅचमध्ये मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "सर, दुकानासाठी कोणतं अ‍ॅप घेऊ?" आज फोनवर इतकी अ‍ॅप्स आहेत की तुलना करतानाच डोकं फिरतं. म्हणून आपण पंचवीस-तीस वर्षं मागे जाऊ. तेव्हाच्या खिशातल्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीने आत घालून दिलेली अ‍ॅप्स मोजकीच असायची. त्यामुळे कोणतं कुठे कमी पडतं ते लगेच दिसतं.

आधी माझी चूक

दुकान सुरू केलं त्या वर्षी मी सगळी उधारी फोनच्या नोट्समध्ये लिहायचो. बॅकअप? तो शब्द फक्त बीबीएच्या पुस्तकात वाचलेला. पावसाळ्यात फोन पाण्यात पडला आणि नोंदी गेल्या. मग आठवून आठवून लोकांकडे पैसे मागितले. बरेचसे आले, काही बुडाले. पण खरं नुकसान वेगळंच झालं. एका काकांनी पैसे आधीच दिले होते आणि मी त्यांच्याकडे पुन्हा मागितले. ते काही बोलले नाहीत, पण परत दुकानात आले नाहीत. पैसे पुन्हा कमावता येतात हो, असं गिऱ्हाईक नाही मिळत.

परीक्षा एकच

गिऱ्हाइकाने १,८५० रुपयांचा माल नेला, १,००० दिले, उरलेले ८५० दहा तारखेला देणार. हीच नोंद तिन्ही यंत्रांवर करायची. मामांना जुन्या यंत्रांचा नाद आहे, त्यांच्या कपाटातून तिन्ही आणली. मराठी यापैकी एकातही नाही, नावं इंग्रजीतच टाकावी लागली.

१. पाम पायलट (१९९६)

अमेरिकेतल्या पाम कंपनीचं. जेफ हॉकिन्स यांनी हे बनवण्याआधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घालून फिरून पाहिलं होतं. मीटिंग ठरली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचं. म्हणजे फीचरच्या आधी सवय तपासली!

यंत्राला खाली चार बटणं: डेट बुक, अ‍ॅड्रेस बुक, टू डू लिस्ट, मेमो पॅड. यंत्र बंद असलं तरी बटण दाबलं की थेट तेच अ‍ॅप उघडतं. ८५० ची नोंद टू डूमध्ये टाकली, तारीख १०, प्राधान्य १. तारीख उलटली की शेजारी उद्गारचिन्ह येतं. 'ग्राफिटी' नावाची अक्षरं गिरवायची पद्धत आधी शिकावी लागते, पण हात बसला की काउंटरवर उभ्या उभ्या काम होतं.

कमी कुठे पडतं? टू डूला अलार्म नाही, तो डेट बुकमध्ये. आणि एकूण उधारी किती, हे कळत नाही. कॅल्क्युलेटर काढून स्वतः बेरीज करायची.

२. सायन सिरीज ५ (१९९७)

हे लंडनच्या कंपनीचं. उघडलं की छोटा पण खरा कीबोर्ड. आत वर्ड, शीट, डेटा, अजेंडा असं सगळं आहे. शीट म्हणजे आपल्या एक्सेलसारखं: नाव, माल, जमा, बाकी. सूत्र एकदा घातलं की ८५० आपोआप येतात आणि खाली एकूण उधारीही दिसते. आठवणीसाठी अजेंडात वेगळी नोंद करून अलार्म लावायचा.

कमी कुठे पडतं? टाइप करायला यंत्र टेबलावर ठेवावं लागतं. समोर चार गिऱ्हाइकं उभी असताना हे जमत नाही. मग आपण म्हणतो, "रात्री लिहीन." रात्री काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

३. पॉकेट पीसी (२०००)

मायक्रोसॉफ्टची प्रणाली, यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची. मामांकडे कॉम्पॅकचं आयपॅक आहे. रंगीत स्क्रीन, कॅलेंडर, टास्क, शिवाय पॉकेट वर्ड आणि पॉकेट एक्सेल. टास्कला रिमाइंडर आहे, एक्सेलमध्ये बेरीज आहे. कागदावर पाहिलं तर हाच जिंकतो.

पण पामचे दोन छोटे सेल कित्येक आठवडे चालायचे, याला सारखं चार्जिंग लागायचं. आणि नोंदी अशा मेमरीत राहायच्या की बॅटरी पूर्ण उतरली की सगळं साफ. कॉम्प्युटरवर प्रत घेतली असेल तरच वाचलात. २००५ च्या विंडोज मोबाइल ५ पासून हा त्रास गेला.

पामची मेमरीही सेलवरच टिकायची बरं का. पण त्याच्यासोबत एक स्टँड यायचा. यंत्र त्यात ठेवून एक बटण दाबलं की हॉटसिंक, म्हणजे कॉम्प्युटरवर दुसरी प्रत तयार. इतकं सोपं असेल तर माणूस रोज करतो.

यातून आपण काय घ्यायचं?

अ‍ॅप निवडताना हे तीन प्रश्न, याच क्रमाने विचारा:

१. गिऱ्हाईक समोर असतानाच नोंद होते का? जे रात्रीवर ढकललं जातं, ते अर्धं विसरलं जातं.

२. दुसरी प्रत कुठे आहे? फोन आत्ता हरवला तर उद्या सकाळी उधारीची यादी मिळेल का?

३. एकूण बाकी आणि तारीख दिसते का?

माझा निकाल? दुकानासाठी पामची पद्धत. बेरीज नंतर करता येते, पण जी नोंद झालीच नाही किंवा पुसली गेली, तिची बेरीज कशाची करणार? ज्याचं काम टेबलावर बसून चालतं, कोटेशन, मोठी पत्रकं, त्याला सायनची पद्धत शोभेल. म्हणजे 'सगळ्यात भारी अ‍ॅप' असं काही नसतं, तुमचं काउंटर कसं आहे ते आधी बघा.

गृहपाठ

आज दुकानात एक उधारीची नोंद करताना फोनवर सेकंद मोजा. मग दुसऱ्याच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तीच नोंद उघडून दाखवा. उघडली नाही, तर अ‍ॅप बदलण्याआधी आज रात्री उधारीची यादी वहीत उतरवून काढा. वहीला चार्जिंग लागत नाही!

पुढच्या आठवड्यात उधारी मागायची कशी, नातं न तोडता, त्यावर बोलू. तोपर्यंत गल्ला सांभाळा आणि नोंदीही.