दारावरची घंटा : दोन तारांचा पाठ

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायानिमित्त दूरदूर विखुरले आहेत. घरी वृद्ध आई-वडील एकटे असतात. म्हणून दाराशी कॅमेऱ्याची घंटा, म्हणजेच व्हिडिओ डोअरबेल, बसवावी असे अनेकांना वाटते. काही जण ती परदेशातून भेट म्हणून आणतात. हेतू चांगलाच आहे. परंतु जुन्या घंटेच्या तारांना हे उपकरण जोडण्यापूर्वी त्या तारांमध्ये किती विद्युतदाब आहे, हे जाणून घेणे अत्यावश्यक आहे. तेवढ्यासाठीच आम्ही हा पाठ मांडत आहोत.

प्रथम घंटेची रचना पाहू. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३१ च्या सुमारास लांब तारेच्या टोकाशी विद्युतचुंबकाने घंटा वाजवून दाखवली. आजची ‘डिंग-डाँग’ घंटा त्याच तत्त्वावर चालते. बटण दाबताच नालकुंतलातून विद्युतधारा वाहते, आतील लोखंडी दांडी ओढली जाते आणि धातूच्या एका पट्टीवर आदळते : डिंग. बटण सोडताच स्प्रिंग दांडीला मागे ढकलते आणि ती दुसऱ्या पट्टीवर आदळते : डाँग.

अमेरिकेतील घरांत ही घंटा कमी दाबावर चालते. तेथील १२० व्होल्टचा पुरवठा एका लहान रोहित्राने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने, बहुधा १६ व्होल्टपर्यंत उतरवलेला असतो. रोहित्र, घंटा आणि बटण एकसर जोडणीत असतात. साधे बटण दाबले नसताना परिपथ खुला असतो आणि धारा वाहत नाही. कॅमेऱ्याला मात्र अखंड वीज लागते. तो बटणाच्या जागी बसतो, म्हणून त्याची वीज घंटेच्या कुंतलातूनच येते. एरवी ही धारा इतकी अल्प असते की दांडी हलत नाही. बटण दाबले की उपकरण क्षणभर पूर्ण धारा वाहू देते आणि घंटा वाजते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे रोहित्र पुरेसे सक्षम हवे. १० व्होल्ट व ५ व्होल्ट-अँपिअरचे जुने रोहित्र अर्धाच अँपिअर देऊ शकते. १६ व्होल्ट व ३० व्होल्ट-अँपिअरचे सुमारे १.९ अँपिअर देते. तारेने चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांना १६ ते २४ व्होल्ट एसी लागतात. दुसरी गोष्ट अशी की, अखंड धारेमुळे घंटा गुणगुणू शकते. त्यासाठी काही उपकरणांसोबत एक छोटा जोडभाग मिळतो. तो घंटेच्या ‘फ्रंट’ व ‘ट्रान्स’ या दोन स्क्रूंना जोडतात. काही उपकरणांत हे दोन स्क्रू तारेच्या तुकड्याने थेट जोडण्याची सूचना असते. मग जुनी घंटा मुकी होते आणि आवाज मोबाइलवर किंवा वेगळ्या घंटेवर येतो. यांपैकी काय करायचे, हे त्या उपकरणाच्या माहितीपत्रकातच पाहावे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या बहुतेक घरांत घंटा थेट २३० व्होल्टवर चालते. फेजची तार बटणातून घंटेकडे जाते, म्हणून दारावरच्या त्या साध्या बटणाआड घरातील पूर्ण विद्युतदाब असतो. बाहेरून पाहता तारा दोनच; अमेरिकेतही दोन आणि येथेही दोन. २४ व्होल्टसाठी बनवलेले उपकरण या तारांना जोडले, तर ते जळेलच. शिवाय लोखंडी फाटकाला किंवा पावसाने ओल्या झालेल्या भिंतीला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. पेचकसाच्या टेस्टरवरही विसंबू नये. दिवा लागला तर फेज आहे एवढे कळते, व्होल्ट किती ते कळत नाही; आणि १६ व्होल्टवर तो लागतच नाही. मोजमाप मल्टिमीटरनेच आणि जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

मग मार्ग कोणता? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बॅटरीवर चालणारा कॅमेरा आणि प्लगमध्ये बसणारी, २३० व्होल्टला चालणारी बिनतारी घंटा. जुन्या बटणाच्या तारा अशा वेळी मुख्य फलकापासून तोडून टाकाव्यात. तारेचाच कॅमेरा हवा असेल, तर २३० व्होल्टवरून आवश्यक दाब देणारे रोहित्र बसवावे आणि घंटाही त्याच कमी दाबाची घ्यावी. कारण २३० व्होल्टसाठी गुंडाळलेले जुने कुंतल २४ व्होल्टवर दांडी ओढू शकत नाही. कमी दाबाच्या तारा स्वतंत्र पाइपातून न्याव्यात. अमेरिकेतून आणलेले केवळ १२० व्होल्टचे रोहित्र मात्र आपल्या पुरवठ्याला कधीही जोडू नये. ते अतितप्त होऊन जळते.

काम सुरू करण्यापूर्वी मुख्य फलकावरील एमसीबी बंद करावा आणि वीज खरोखर गेली आहे याची खात्री करावी. काम संपल्यावर घंटेच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवावी : विद्युतदाब किती, रोहित्र किती व्होल्ट-अँपिअरचे आणि कोठे बसवले आहे. आपण परगावी असताना आई-वडील ज्या वायरमनला बोलावतील, त्याने झाकण उघडताच त्याला ती दिसली पाहिजे.