तोडणी यंत्र : बदलाची तयारी लागणीपासून



तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा गावात काय किंवा आजूबाजूच्या शिवारात काय, उसाचा विषय निघाला की बोलणे टोळीवर येऊन थांबते. टोळी मिळत नाही, उचल घेऊनही मुकादम फिरकत नाही, तोडीची तारीख उलटते. यावर उपाय म्हणून तोडणी यंत्राचे नाव घेतले जाते. 2023 साली राज्य शासनाने त्यासाठी किमतीच्या 40 टक्के, जास्तीत जास्त 35 लाख रुपये, अनुदानाची योजनाही काढली. पण यंत्र घेणे हा या बदलातला सर्वांत सोपा भाग आहे.

यंत्र फडात उतरते नोव्हेंबरात. त्याचा निर्णय मात्र वर्ष-दीड वर्ष आधी, सरी पाडतानाच होऊन गेलेला असतो. अडीच-तीन फुटांच्या सरीत मोठे यंत्र नीट चालत नाही. चाक बुडख्यावरून गेले की खोडव्याचे नुकसान ठरलेलेच. त्याला साडेचार-पाच फुटांची सरी, बांधाकडेला वळायला जागा आणि वाफसा आलेली जमीन लागते. आपल्या काळ्या जमिनीत ओल असताना यंत्र घातले तर रान दबते. तेव्हा आडसालीसाठी जे सांगायचे ते शेतकी खात्याने जुलैच्या आत सांगितले पाहिजे. हंगामाच्या तोंडावर काढलेले परिपत्रक कोणाच्या कामाचे? आपले तुकडे लहान. शेजारच्या चार सभासदांनी एकच जात एकाच महिन्यात लावली, तरच यंत्राला सलग फड मिळेल.

सहकारात याहून मोठा बदल एकदा होऊन गेला आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. गुऱ्हाळ लावायचे तेव्हा ऊस कधी तोडायचा हे शेतकरी स्वतः ठरवी; कारखाना आल्यावर त्याला पाळी धरावी लागली. विठ्ठलरावांनी गावोगाव फिरून आधी माणसे तयार केली, शेअर्स गोळा केले. धुराडे नंतर पेटले.

आता नुकसानीचेही उघड बोलावे. टोळीमागे वाढे मिळते. यंत्र शेंडा उडवून टाकते, तो वैरणीला गोळा करणे अवघड. ज्याच्या दावणीला चार जनावरे आहेत तो विचारणारच, "भाऊ, मग वैरणीचं काय?" दुसरे भांडण पाचटाच्या वजावटीचे. टक्का काट्यावर ऐकायला मिळाला तर सभासद त्याला लूटच म्हणणार, आणि त्यात त्याची चूक नाही. वजावट लागणीच्या वेळीच लेखी द्यावी. पहिल्या वर्षी दोन-चार फडांत सभासदांसमक्ष पाचट वेगळे काढून तोलावे. शिवाय यंत्राने ऊस तुकडे होऊन येतो. तो लवकर खराब होतो, उतारा घटतो. म्हणून यार्डात अशा गाडीला पहिला नंबर हवा.

राहिले तोडणी कामगार. धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन दक्षिण गुजरातेतही जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरे फडातच. कोणत्या गटात यंत्र लावणार, हे उचल वाटण्याआधी त्यांना सांगावे. लहान फड, अरुंद सऱ्या, लोळलेला ऊस यांना कोयता लागणारच आहे. त्या गटांतले काम त्यांच्याच नावे आधी लिहून द्यावे, म्हणजे डोक्यावर उचल घेऊन बसलेले कुटुंब ऐन हंगामात रिकामे राहणार नाही.