चूक कुठून येते?



पहिल्या सत्राची परीक्षा झाली की पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बाई, याला सगळं येतं हो, पण वेंधळा आहे. त्याच त्याच चुका करतो."

तिसरीतल्या एका मुलाच्या आईनं असंच म्हणत वही माझ्यापुढे ठेवली. रोज रात्री त्या त्याला वजाबाकीची वीस गणितं घालत होत्या. चुकलेलं गणित पाच वेळा लिहायचं, असा घरातला नियम. महिना झाला होता. आई दमून गेल्या होत्या, वही काढली की पोरगं रडकुंडीला येत होतं आणि चुका होत्या तेवढ्याच होत्या.

मी वही चाळली. ५२ वजा २७, उत्तर ३५. ६१ वजा २४, उत्तर ४३. ४० वजा १८, उत्तर ३८. पण ६८ वजा २५ मात्र बरोबर ४३. बिनहातच्याची सगळी बरोबर, हातच्याची सगळी चूक. वेंधळं मूल कुठेही चुकतं. हे मूल दर वेळी एकाच जागी चुकत होतं.

त्याला शेजारी बसवून म्हटलं, "हे गणित तू कसं केलंस, मला सांग बरं." तो बोट ठेवत म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत. मग सातातून दोन काढायचे. मोठ्यातून लहान काढायचं असतं ना?"

पहिलीत असताना कुणीतरी त्याला हे वाक्य सांगितलं होतं. एकअंकी वजाबाकीपुरतं ते उपयोगी होतं. त्यानं ते नियम म्हणून मनात धरलं आणि दोनअंकी संख्येच्या प्रत्येक घरात इमानेइतबारे पाळलं. आता सांगा, याला वेंधळा कसं म्हणायचं? रोजच्या वीस गणितांनी तो काय करत होता, तर चुकीचा नियम घोटून पक्का करत होता. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत.

हे एका मुलापुरतं नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या बेरीज-वजाबाकीच्या चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुलांच्या कितीतरी चुका वेंधळेपणानं झालेल्या नसतात, मूल एखादी सदोष रीत अगदी चोख पाळत असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणं ही त्यातली नेहमी आढळणारी चूक. म्हणजे आपल्या गावातल्या वहीत दिसतं तेच तिकडच्या वहीतही दिसत होतं.

मग उपाय काय केला? पाटी-पेन्सिल बाजूला ठेवली. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात दिली. मी दुकानदार झाले आणि म्हटलं, "माझे सत्तावीस रुपये द्या." त्यानं दोन नोटा दिल्या, मग नाण्यांकडे पाहिलं, थांबला. "बाई, सुट्टे नाहीत. एक नोट मोडावी लागेल." मी एक नोट घेऊन दहा नाणी दिली. त्यानं बारातून सात मोजून दिली, उरलेले पैसे मोजले आणि म्हणाला, "पंचवीस!" मग स्वतःच वहीतल्या ३५ कडे बघत राहिला. हातचा म्हणजे मोडलेली नोट, हे त्याला उमगलं. पुढचे चार-पाच दिवस आईंनी घरी नोटा-नाण्यांवरच गणितं घेतली. रोजची वीस गणितं बंद झाली.

आपल्या भाषेतली एक अडचणही ध्यानात ठेवा. आपण 'त्रेपन्न' म्हणतो तेव्हा तीन आधी येतात, पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी. म्हणून मूल ३५ लिहितं. 'एकोणसाठ' ऐकलं की कानात साठ राहतात आणि पाटीवर ६९ उमटतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीस 'वीस सात' असंही वाचायची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली, तीत मुलांची हीच अडचण होती. आपली संख्यानामं टिकावीत असं मलाही मनापासून वाटतं. पण मूल अडखळलं तर "सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात" एवढं जोडून सांगायला काय हरकत आहे?

चुकीच्या मुळाशी जायची ही सवय कारखान्यातही लागते. टोयोटा कारखान्याचे ताइची ओनो यंत्र बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारायला सांगत. यंत्र का थांबलं? ताण वाढून फ्यूज उडाला. ताण का वाढला? बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. का नव्हतं? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्यानं धातूचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलला असता तर तो पुन्हा उडालाच असता. आपण घरी रागावतो, शिक्षा करतो, शिकवणी लावतो. पुष्कळदा हे सगळं फ्यूज बदलणंच असतं.

मात्र यंत्राला 'का' विचारलेलं चालतं, मुलाला चालत नाही. "का चुकलास?" हा प्रश्न त्याच्या कानाला रागावल्यासारखाच लागतो आणि ते गप्प होतं. "कसं केलंस?" म्हटलं की ते बोलायला लागतं. 'का' आपण आपल्या मनाशी विचारायचं.

आणि या 'का'चं उत्तर दर वेळी मुलातच सापडेल असं नाही. एका मुलीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची, आई रोज ओरडायची. एक दिवस मुलीनं आजीला हळूच सांगितलं : शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली होती, म्हणून ती तिकडे जायचं टाळायची आणि त्यासाठी पाणीच प्यायची नाही. पालकांनी मिळून पाठपुरावा केला, कडी बसली. त्या आठवड्यापासून बाटली रिकामी येऊ लागली. तिला ओरडून ती कडी कधीच बसली नसती.

म्हणून एक विनंती. आज रात्री मुलाची वही उघडा. लाल खुणा मोजू नका. एकच चुकलेलं गणित निवडा आणि म्हणा, "हे कसं केलंस, मला सांग." मग त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये एक शब्दही बोलू नका.